तिसरा गिअर

वडिलांची बेकरीची व्हॅन दारात शोभत नाही, म्हणून चिरंजीवांनी ती भंगारात घातली आणि तिच्या जागी सेकंडहँड स्पोर्ट्स कार आणून उभी केली. महिन्याभरात कारचा गिअरबॉक्स गेला. नव्याची किंमत ऐकून चिरंजीवांचे डोळे पांढरे झाले. शेवटी मेकॅनिकने भंगारवाल्याकडून त्याच कंपनीच्या कुठल्याशा गाडीचा स्वस्तातला गिअरबॉक्स आणून बसवला.

रविवारी चिरंजीवांनी वडिलांना शेजारी बसवलं.

"बाबा, याला म्हणतात गाडी. त्या डबड्यात उगाच जन्म घालवलात."

तिसरा गिअर टाकताना खर्रकन आवाज आला.



"क्लच दोनदा दाब," खिडकीबाहेर बघत बाबा म्हणाले, "बावीस वर्षं तिसऱ्याला अशीच अडायची ती."