अडकलेले रिपोर्ट

गाठींच्या तपासणीचे निम्मे रिपोर्ट सकाळपासून अडकले होते आणि काउंटरवरच्या बाई उत्तरं देऊन मेटाकुटीला आल्या होत्या. बाकावरचे आजोबा पुन्हा उठून आले. "आमच्या मागून आलेल्यांना डॉक्टरांनी आत बोलावलं. आम्ही तुमचं काय घोडं मारलंय?" मागे आजी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसल्या होत्या.

"बघ गं बाई लवकर," काउंटरवरून हाक आली. प्रोग्रामर मुलगी काचेच्या आत स्वतःचाच प्रोग्राम उसवत बसली होती. प्रत्येक रिपोर्टात धोक्याची खूण आहे का, हे शोधायला तो कॉम्प्युटरची एक तयार कमांड चालवायचा. खूण असली की रिपोर्ट थेट डॉक्टरांकडे, नसली की काउंटरवर. कमांड शेवटी एक आकडा परत करायची आणि शून्य नसेल तर बिघाड, असं धरून प्रोग्राम रिपोर्ट अडवायचा. तिने आता पहिल्यांदाच त्या कमांडची माहिती नीट वाचली. खूण सापडली तर शून्य. नाही सापडली तर एक. खरोखरच बिघडलं, तर दोन.

तिने अडकलेल्या रिपोर्टांचे आकडे पाहिले. आजोबांच्या नावासमोर एक, त्याखालच्या नावासमोरही एक, शेवटपर्यंत सगळीकडे एक. दोन कुठेच नव्हता.

"काय बिघडलंय, कळलं का?" बाईंनी विचारलं.

"माझं डोकं," ती काचेतून बाकांकडे बघत म्हणाली. "आजोबांना आधी बोलवा. तिथे बसलेल्या एकाच्याही रिपोर्टात ती खूण नाहीये."