सरळ रेष

रेष काही हलायला तयार नव्हती. सगळे जिला भिंग म्हणत, तिने आलेख पुसून दोनदा नव्याने काढला, तरी चौदा आठवड्यांची रेष पडद्यावर आडवी ती आडवीच.

"मॅडम, माझं सूत्र चुकलंय का हो?"

पत्रकारितेच्या वर्गाला स्प्रेडशीट शिकवणाऱ्या मॅडम तिच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. भिंग म्हणजे वर्गातली सगळ्यात चिकित्सक मुलगी. दुसऱ्याच्या चुका ती इतक्या आनंदाने शोधायची, की तिचं खरं नाव सगळे विसरूनच गेले होते. मॅडमनी एकेक रकाना तपासला. अंडी, पाव, केळी, साबण, दोऱ्याचं रीळ. कॉलेजमागच्या गल्लीतली अकरा दुकानं, चौदा सोमवार. सरासरीत खोट नव्हती.

"सूत्र बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "भावच वाढलेले नाहीत."

"अख्ख्या शहरात वाढलेत आणि आपल्या गल्लीत नाही?"

"अगं, मग हीच तर बातमी!"

मॅडमना गगन ठेंगणं झालं. प्राचार्यांनी त्यांना स्पष्ट बजावलं होतं, वर्षअखेरपर्यंत वर्गाची एक तरी बातमी खऱ्या वर्तमानपत्रात आली नाही, तर हा विषय बंद. खोलीवर ग्रंथालयाचा डोळा होताच. आणि वीस वर्षं बाजारपेठेची बातमीदारी केलेल्या मॅडमचा सगळा जीव या एका विषयात होता.

भाव का वाढले नाहीत, तेही सापडलं. या चौदा आठवड्यांच्या आधी, सरावाच्या सोमवारचा तक्ता मुलांनी दुकानांच्या नावांसकट गल्लीच्या तोंडाशी लावला होता. त्यात अंडीवाला सगळ्यात महाग निघाला आणि गिऱ्हाइकांनी आठवडाभर बिचाऱ्याला सळो की पळो करून सोडलं. पुढच्या सोमवारी त्याचे भाव उतरले, पाठोपाठ बाकीच्यांचेही. ते तेव्हापासून तिथेच होते.

"भाव उघड झाले, स्पर्धा वाढली," भिंगाने टाइप केलं. तिची बाही कोपरापर्यंत खडूने पांढरी झाली होती. दर सोमवारी व्हायची, कारण दुकानांच्या पाट्यांना अगदी खेटून ती आकडे उतरवायची. मॅडमना तिचं फार कौतुक वाटलं.

"गर्दीचंही लिहू? आम्ही जातो तेव्हा रांगेतच उभं राहावं लागतं."

"लिही की. स्वस्ताई म्हटल्यावर माणसं येणारच."

शुक्रवारी घरी मॅडमचे सासरे वाट बघत होते. बाबा म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. नोकरी सुटली तरी घड्याळ सुटलं नव्हतं. दर सोमवारी सकाळी नऊला पिशवी काखोटीला मारून ते बाहेर पडत आणि त्याच गल्लीत आठवड्याचा बाजार एका फेरीत उरकत. मधल्या वारी त्यांना दुकानात धाडणं महाकर्मकठीण.

"बाबा, साबण संपलाय हो."

"आज शुक्रवार ना? मग सोमवारपर्यंत उरलेले तुकडे जोडून वापर."

मॅडम हसल्या. माणसाला काहीतरी वेळापत्रक लागतंच, त्यांनी मनाशी म्हटलं. मग आपल्या मुलांची भावांची आकडेवारी छापून येणार असल्याचं त्यांनी सांगितलं.

"वा! पोरांचे फार उपकार आहेत गल्लीवर," बाबा म्हणाले. "तुमचं ते वह्या घेऊन फिरणं बंद तेवढं करू नका."

मॅडमचे डोळे भरून आले. घरात कुणाला तरी आपल्या विषयाची किंमत कळली होती.

पुढच्या रविवारी बातमी पहिल्या पानावर झळकली. 'भाव न वाढणारी गल्ली', खाली वर्गाचं नाव आणि ती सरळ रेष. नऊ वाजता प्राचार्यांचा फोन आला. विषय चालू राहणार, खोलीही राहणार. दहा वाजता सगळा वर्ग न सांगता घरी येऊन धडकला, भिंग सगळ्यात पुढे, हातात वर्तमानपत्राच्या पाच प्रती. मॅडमना कुणाला कुठे बसवू नि काय देऊ असं झालं.

"बाबा, दोन डझन अंडी आणता? हे घ्या, मोजून एकशे चव्वेचाळीस."

"आज?" बाबांचा चेहरा उतरला. "उद्या आणली तर नाही चालणार?"

"पोरं आज आलीत ना बाबा!"

बाबा कुरकुरत गेले आणि पाव तासात परतले. मॅडमनी पिशवी उघडून मोजलं.

"दीडच डझन?"

"तेवढीच आली."

भिंगाने तोंडातल्या तोंडात भागाकार केला. "म्हणजे आठला एक पडलं. आजोबा, तुम्हाला फसवलं! अंडं सहाला आहे, हे बघा, छापलंय."

बाबांनी चष्मा लावला, आलेखाच्या रेषेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं आणि कौतुकाने मान डोलावली.

"सहा हा सोमवार सकाळचा भाव, बाळ. तुम्ही यायच्या आधी सगळे पाट्या पुसून लिहितात आणि तुमची पाठ वळली की पुन्हा पुसतात. आम्ही तेवढ्यात उरकून घेतो. नाहीतर मी कशाला आठवडाभर सोमवारची वाट बघत बसलो असतो?"