विमानातला रोजा

कोळिकोडहून जेद्दा चार हजार किलोमीटर, सहा तास. मक्केला उमऱ्याच्या यात्रेला निघालो, दुपारी दीडला विमान उडालं, तेव्हा आमच्या ह्यांनी बोटांवर हिशेब केला होता, "साडेसहाला सूर्य बुडेल, वाटेतच रोजा सोडू." आता घरच्या घड्याळात सातला दहा कमी होते आणि सूर्य खिडकीत तसाच तळपत होता. आपणही पश्चिमेलाच निघालोय, हे त्यांच्या हिशेबात आलंच नव्हतं. त्यांची साखर उतरत होती. ओठ पांढरे पडले होते, बोटं थरथरत होती. खजुराची पुरचुंडी माझ्या मुठीत ओली झाली. "अहो, प्रवाशाला सूट आहे. खा." "गादीवर बसून जातोय, हा कसला प्रवास?" "मग आजाऱ्याला तरी आहे ना!" "मी आजारी दिसतो तुला?" हवाईसुंदरी माझ्या कानाशी वाकली, "आजी, जेद्द्याला उतरू तेव्हाही ऊनच असेल." तेवढ्यात ह्यांची मान कलली. मी खिडकीची झडप खाली ओढली, गाल थोपटला. "उठा, बुडाला सूर्य." त्यांनी आधी बंद झडपेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पन्नास वर्षांत मी त्यांच्याशी खोटं बोलले नव्हते. बिस्मिल्ला म्हणून त्यांनी खजूर खाल्ला, पाणी प्यायले. जरा तरतरी आल्यावर दुसरा खजूर उचलून माझ्या ओठांशी धरला. "बुडालाय ना, बिय्यात्तू? मग तूही सोड." झडपेच्या फटीतून उन्हाची एक रेघ माझ्या मांडीवर पडली होती. मी तिच्यावर ओढणी सारली आणि तोंड उघडलं.