पहिल्या नवऱ्याचं नाव

हाल्वोरला मुलगा झाला, पण पोराचं नाव आधीच ठरलेलं होतं. विधवेनं दुसरं लग्न केलं की त्या घरातल्या पहिल्या मुलाला गेलेल्या नवऱ्याचं नाव ठेवायचं, ही आमच्या टेलेमार्क प्रांतातली रीत. हाल्वोर त्या मेलेल्या ताराल्डच्याच पलंगावर झोपत होता, त्याचेच बूट घालून अंगणातला बर्फ उपसत होता. आता पोराला हाक मारतानाही त्याचंच नाव घ्यायचं होतं.

बाप्तिस्मा उरकून सगळे चर्चमधून घरी आले. ताराल्डची म्हातारी आई बाळाला मांडीवर घेऊन चुलीपाशी बसली.

"आलास रे माझ्या ताराल्डा! आलास बाबा एकदाचा घरी!"

हाल्वोरला राहवलं नाही. "नुसता ताराल्ड नाही, आई. ताराल्ड हाल्वोरसेन. हाल्वोरचा मुलगा. मागे बापाचं नाव लागतंच."

"लागू दे की. पण उद्या याची पोरं काय लावतील? ताराल्डसेन. मग तू कुठे राहिलास?"

हाल्वोरनं बायकोकडे पाहिलं. गुरो मान खाली घालून लापशीवर लोणी सोडत होती.

"मग या घरात माझं नाव कधी ठेवायचं कुणाला?" त्याचा आवाज चढला.

म्हातारीनं बाळाचं टोपडं सारखं केलं.

"येईल की तुझीही वेळ," ती अगदी मायेनं म्हणाली. "गुरो तिसरा नवरा करेल तेव्हा."