डावीकडची खडखड

वकीलकाकांची वीस वर्षांची आलिशान गाडी महिन्याभरात तिसऱ्यांदा माझ्या गॅरेजला आली. तक्रार तीच. "डावीकडून खडखडतं रे. आत्तासुद्धा तुझ्या दारापर्यंत वाजत आली."

मी आधी सस्पेन्शनचे बुश बदलले होते, मग सायलेन्सरचे क्लॅम्प आवळले, अख्खा डॅशबोर्ड उघडून परत बसवला. काका स्टीअरिंग कुणाच्या हाती देत नाहीत, म्हणून दर ट्रायलला ते चालवायचे आणि मी शेजारी कान टवकारून बसायचो. गाडी लोण्यासारखी चालायची. म्हाताऱ्याला भास होतात, असं म्हणून मी मनातल्या मनात हसायचो.

आज मात्र मी हट्टाने किल्ली मागून घेतली, काकांना स्टुलावर बसवलं आणि एकटाच निघालो. पहिल्याच खड्ड्यात खडखड सुरू! शेजारची सीट ज्या पट्टीवर सरकते ती झिजली होती. सीट रिकामी असली की नाचायची आणि वजन पडलं की गप्प.

"कमाल करता काका!" परत येऊन मी म्हणालो. "दोन बोल्टचं काम, आणि मी गाडी निम्मी खोलली. शेजारी कुणी बसलं की आवाज थांबतो, हे एकदाही तुमच्या लक्षात येऊ नये?"

काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने सावकाश पुसला.

 

"तिथे तुझ्याशिवाय कुणी बसलंच नाही रे."