आयत्या वेळचा विषय

सोसायटीच्या सभेत यंत्र-अध्यक्षाने शेवटचा विषय मंजूर केला, तेवढ्यात इंदुताई खारकर उठल्या.

‘अध्यक्षांच्या परवानगीने, आमच्या मजल्यावर पाणी...’

‘पुढच्या सभेत घेऊ. सभा संपली, चहा घेऊन जा,’ यंत्र म्हणालं.

लोक हसत उठले. माजी अध्यक्ष टिपणिसांची मान मात्र खाली गेली. त्यांच्याच जुन्या सभा ऐकवून या यंत्राला शिकवलं होतं. वाक्य त्यांचं होतं, आणि इंदुताई उठल्या की सभा गुंडाळायची सवयही त्यांचीच.

ते धडपडत उभे राहिले. ‘अहो, त्यांना बोलू तरी द्या!’

‘टिपणीस, बसा. अध्यक्षांचा निर्णय अंतिम असतो,’ यंत्र म्हणालं.

ते बसले. इंदुताईंनी त्यांच्यापुढे चहा धरला.

‘घ्या. पहिल्या वेळी फार लागतं मनाला.’