गव्हावर उभी पोरं

ज्योत्स्नाचं, म्हणजे माझ्या धाकट्या मुलीचं लग्न झालं त्या साली, १९९३ मध्ये, वालचंदनगरहून निवृत्त झालेले कॉम्रेड रघुनाथराव आमच्या डाळजच्या घरी आले. गावातल्या सगळ्यांची शेती त्यांना एक करायची होती. माझ्या सहा एकरांसाठी त्यांनी सहीचा कागद पुढं केला आणि चीनचं एक जुनं मासिक उघडलं. फोटोत दाट गव्हाच्या ओंब्यांवर चार पोरं उभी होती.

"बघा तात्या, एकत्र शेतीचा गहू. साल अठ्ठावन्न. पोरं चढली तरी वाकला न्हाय!"

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"एवढ्या दाट गव्हाला वारं मिळत न्हाय, रघुनाथराव. त्यो बुडातनं कुजतो. पोरांच्या खाली बाकडं हाय."

"तुमचा मेला संशयच लई!"

"बरं, न्हाय बाकडं. पर एवढं पीक दावल्यावर सरकारनं सक्तीच्या लेव्हीचं धान्य किती नेलं?"

"पिकाच्या मानानं नेलं आसंल की."

"कुठल्या पिकाच्या? फोटोतल्या का शेतातल्या?"

त्यांनी मासिक मिटलं. मी सही केली नाही.

तो फोटो छापल्यानंतर, १९५९ ते १९६१ या तीन वर्षांत, चीनमध्ये कोट्यवधी माणसं उपाशी मेली. त्यांतले बहुतेक शेतकरी होते.